खिडकीत नेलेली झाडं

बेबीला या ऑफिसात मीच चिकटवलं. मावशीची मुलगी, घरी बसून कंटाळली होती. साहेबांच्या मागे लागून तिला माझ्याच खोलीत, माझ्या समोरच्या टेबलावर बसवलं. आमची खोली मागची, रेकॉर्डची. खिडकी आहे, पण ती उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत हाताला लागते. दिवसभर ट्यूबलाइट.

त्या खोलीत मी झाडं जगवली. नर्सरीवाला म्हणाला होता, "फुलांच्या नादी लागू नका, मॅडम. अंधारात तग धरतील ती न्या." म्हणून स्नेक प्लांट आणला, मनी प्लांट आणला, आणि जाड चकचकीत पानांचं एक झेडझेड नावाचं झाड. बेबीला सगळं हाताला धरून शिकवलं. माती बोटाने चाचपायची, आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी. पानं ओल्या फडक्याने पुसायची, म्हणजे येतो तो थोडका उजेड तरी वाया जात नाही. "ताई, नवऱ्याचं तरी एवढं करतेस का गं?" ती म्हणायची. मी म्हणायचे, "नवरा पाणी हाताने घेतो."

पुढच्या खोलीतले काका निवृत्त होणार होते. त्यांची खिडकीजवळची जागा मला हवी होती. ट्यूबखाली बारीक अक्षरं वाचून रोज संध्याकाळी माझं डोकं ठणकायचं. डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, उजेडात बसा, नाहीतर हे काम सोडा. हे बेबीशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

"सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन आटोपलं की साहेबांशी बोलते," मी तिला म्हटलं.

"बोल बाई. तुझाच हक्क आहे."

रजेवरून परत आले तर कपाटावर कुंड्यांचे नुसते गोल डाग. पुढच्या खोलीत गेले. खिडकीत माझी झाडं रांगेने मांडलेली, आणि काकांच्या खुर्चीत बेबी.

"तुमच्या बहिणीच्या हाताला गुण आहे हो," साहेब कौतुकाने म्हणाले. "त्या अंधारात एवढी झाडं वाढवली! म्हणाल्या, माझ्या झाडांना उजेड हवा. म्हटलं, मग तुम्हीही या इकडे."

बेबी कॉम्प्युटरमधून डोकं वर काढेना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार काय? कुंड्यांवरून बहिणीशी भांडणारी बाई म्हणून ऑफिसभर हसं झालं असतं. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हिने केसाने गळा कापला, आणि तोही मीच शिकवलेल्या गोष्टी वापरून.

एक मात्र मी तिला शिकवलं नव्हतं. सावलीतल्या झाडांना थेट ऊन सोसत नाही. मागच्या खोलीत ऊन होतंच कुठे सांगायला? त्या खिडकीत दुपारभर ऊन यायचं. मी मुद्दाम गप्प बसले. होऊ दे फजिती. पानं आधी पांढुरकी पडली, मग कडेने करपायला लागली. वर बेबी साहेबांच्या देखत रोज तांब्याभर पाणी ओतायची. शेवटी मलाच बघवेना. राग बेबीवर होता, झाडांनी माझं काय घोडं मारलं होतं?

मी गेले आणि पहिली कुंडी उचलली. "जळताहेत ती. मागे नेते."

"ने ना ताई," ती पटकन म्हणाली. सुटल्यासारखी.

तेवढ्यात साहेब दारात. "झाडं कुठे निघाली?"

"ताईला दिली, साहेब," बेबी हसून म्हणाली. "मागे एकटीला करमत नाही तिला."

"वा! मन मोठं आहे तुमचं." साहेब माझ्याकडे वळले. "अशी बहीण मिळायला नशीब लागतं, काय?"

दोघंही माझ्याकडे बघत थांबली. माझीच कुंडी छातीशी धरून मी बेबीला थँक्यू म्हटलं.

मागे येऊन करपलेली पानं कात्रीने कापली, कुंड्या पुन्हा कपाटावर ठेवल्या. संध्याकाळी मावशीचा फोन आला.

"बेबीने तुला झाडं दिली म्हणे. नीट जप हो, पोरांसारखी वाढवलीत तिने."

डोकं ठणकत होतं. "जपते, मावशी," मी म्हटलं आणि ट्यूबलाइट बंद केली.