न चाखता नापास

दुपारी सव्वा एक वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला काही करता आलं नाही." दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या, कारखान्यातल्या तपासनीसाला पहिल्यांदा काय आठवलं? घरी गॅस बंद केला की नाही, ते. माणसाचं असंच असतं.

वर्षातली मोठी सुट्टी होती. त्या दिवशी सगळे एकत्र जेवत. तो, बायको, मुलगा, सून आणि त्याची थोरली बहीण. बायको पहाटे पाचपासून ओट्याशी उभी होती. आठच्या सुमारास म्हणाली, "डावा हात दुखतोय हो." वर्तमानपत्रातून मान वर न काढता तो म्हणाला होता, "दोन-दोन स्वयंपाक करायला सांगितलंय कोणी?"

सांगितलं त्यानंच होतं. तीस वर्षं सांगत होता.

सुट्टीच्या जेवणाला काहीतरी नवीन करावं, ही तिची हौस. कुठे वाचायची, कोणाकडून ऐकायची, महिनाभर मनात घोळवायची. आणि पानं मांडली की तपासनीस म्हणायचा, "आज प्रयोगाचे उंदीर आम्ही वाटतं?" मुलगा म्हणायचा, "आई, थांब, आधी विमा काढून येतो." सगळे हसायचे. तीही हसायची. मग तो भांडं बाजूला सारायचा. "नेहमीचं वाढ."

पुढे पुढे ती न सांगताच दोन्ही करू लागली. नेहमीचं मोठ्या पातेल्यात. नवीन एका लहान डब्यात, वर कागदाची चिठ्ठी: 'माझं'. ती चिठ्ठी पाहून तो पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमच्या हिचं बघा, स्वतःसाठी नेहमी वेगळं!"

ती गेल्यावर आठवड्यानं बहिणीनं फ्रिज उघडला. डबा चिठ्ठीसकट तिथेच होता. आत भात भरून भाजलेला भोपळा. आंबूस वास येत होता.

"टाकू का रे?"

"तिचं आहे ते," तो म्हणाला. "तिला असलं वेगळं खायला आवडायचं."

"आवडायचं?" बहीण डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली. "अरे शहाण्या, तुम्ही कोणी हात लावला नाहीत, म्हणून ते तिचं झालं! तुम्ही कामावर गेलात की दुसऱ्या दिवशी एकटी खायची. मला फोन करून सांगायची, 'ताई, यंदाचं जमलं होतं हं.' मीही तुमच्यासोबत हसायचेच म्हणा. माझंही चुकलं."

"मला नवीन आवडत नाही, ताई. तो काय गुन्हा आहे?"

"आवडत नाही हे कळलं कसं तुला? चाखलंस कधी?"

तो फ्रिजचं दार लावू लागला.

"कारखान्यात बोल्ट तपासतोस ना? एखादा नुसता बघून नापास केलास कधी?"

"छे!" नोकरीचा विषय निघाल्यावर त्याचा आवाज सवयीनं चढला. "नजरेनं नापास करायचा नाही, हा पहिला नियम. गेज लावायचं, माप बघायचं आणि मगच..."

त्याची नजर डब्यावरच्या चिठ्ठीकडे गेली.

"लोखंडाला न्याय दिलास बाबा," बहीण म्हणाली, "बायकोला नाही." आणि तिनं डबा बादलीत उपडा केला.

वर्ष गेलं. पुन्हा तीच सुट्टी आली. सुनेनं कोबीचा गड्डा अख्खा भाजून वर डाळिंबाचे दाणे घातले होते. मुलानं दोन बोटांनी झाकण उचललं. "हे काय? नेहमीचं कुठंय?"

सून ओट्याकडे वळली. तिथे दुसरं पातेलं झाकून ठेवलं होतं. ते पाहताच तपासनीस ताडकन उठला!

"ते पातेलं इथे आणायचं नाही! खबरदार! आणि तू, आधी घास घे, मग तोंड उघड."

"तोंड उघडल्याशिवाय घास कसा घेऊ, बाबा?"

कोणी हसलं नाही. मुलानं वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं घास घेतला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"हो का?" सून म्हणाली. "पुढच्या वेळी बघते." तिला राग आला नाही. खाऊन सांगितलं होतं ना! तपासनीसानंही खाल्लं. मीठ खरंच कमी होतं. त्यानं पुन्हा वाढून घेतलं.

वाचकहो, प्रत्येक नवा पदार्थ आवडलाच पाहिजे असं नाही. नाही आवडला तर तसं सांगा. पण चाखून सांगा. आपण एक घास तरी चाखून बघावा, एवढा हक्क पहाटेपासून आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाला आहेच. आपण थट्टा करतो, रांधणारी हसते, आणि आपल्याला वाटतं की तिला चालतं. तिला चालत नसतं. आजच्या जेवणाला हे लक्षात ठेवा. उद्यावर टाकू नका.

तो भोपळा कसा झाला होता, हे तपासनीसाला सांगता येत नाही. बायकोनं तीस वर्षांत केलेला एकही नवा पदार्थ त्यानं चाखलेला नाही.