बंबाचा नैवेद्य

तहानेनं घसा बसलेल्या माणसापुढं पाण्याचा तांब्या धरावा आणि त्यानं तो तळहातानं बाजूला सारावा, तेही अख्ख्या गावादेखत, याला काय म्हणायचं? मी उद्धटपणा म्हणते. नगरच्या आगीच्या बंबावरचा रंगनाथ माझ्याशी असा वागला. बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. दारी पाहुणा आला तर लोक ख्यालीखुशाली विचारत, तहान लागली का एवढं मात्र विचारत नसत. आणि मी, लंकाबाई, तांब्या काठोकाठ भरून उभी, तर हा बाबा हात आडवा करतो!

झालं होतं असं. आमचं गाव नागापूरच्या पुढं, माळावर. गावातले निम्मे बैल बाजाराला गेले होते, बाकीचे छावणीत. माझे मण्या आणि चंद्या मात्र दावणीला होते, कारण चांगल्या सालात रचलेल्या कडब्याच्या गंजीला मी कुणाला हात लावू दिला नव्हता. मालक गेल्यावर या बैलांच्या जिवावर मी शेत राखलं. कडबा गेला की बैल जाणार, आणि बैल गेले की उद्या पाऊस पडला तरी आमची जमीन दुसऱ्याच्या औताखाली.

माझ्या सुनेनं, पुष्पावतीनं, चुलीतली राख उकिरड्यावर टाकली. राखेत निखारा राहिला होता. दुपारचा वारा सुटला आणि गंज पेटली. माझा लेक बन्सी सायकलवर टांग टाकून नागापूरला सुटला, कारखान्यातून बंबाला फोन करायला. आम्ही माती फेकत होतो. विहिरीत पोहरा सोडला तर चिखल वर येत होता. शेजारची साळूबाई ओट्यावरून म्हणते कशी, "आगं बया, लंका पेटली की गं!" हिला सरणावर ठेवली तरी टोमणा सुचेल.

घंटा वाजवत बंब आला. पुढून रंगनाथ उतरला. ताडमाड, चेहरा असा की जन्मल्यापासून हसला नसावा.

"ए बाई, मागं सर!"

"बाई कुनाला म्हनतो? गंज माझी हाय!"

"हाय ना? मग ऱ्हाऊ द्या की तुमची. सरा मागं."

सरले. पण डोळे मिटले नाहीत, सगळं पाहिलं. लांब दांड्याचे आकडे घालून त्यांनी वरचा जळता कडबा ओढून खाली पाडला, बुटांनी तुडवला, आणि पाणी सोडलं ते खालच्या न पेटलेल्या पेंढ्यांवर. धार सुद्धा जपून, बारशाला लेकरू न्हाऊ घालावं तशी. त्यांच्यातला म्हातारा कानिफनाथ, त्याच्या भुवया करपल्या तरी तो जागचा हलला नाही. वारा पडला तेव्हा एक कोपरा काळा झाला होता आणि बाकीची गंज उभी होती. मण्या दावणीला थरथर कापत होता. मी त्याच्या गळ्यात हात टाकला आणि मला रडू फुटलं. कुणी पाहिलं नाही.

रंगनाथचा आवाज बसला होता, ओठ फुटले होते. मी आत गेले, रांजणातून तांब्या भरला, वर गुळाचा खडा घेतला.

तांब्या तळहातानं सारून तो म्हणाला, "न्हाई चालत."

एवढंच. आणि बंबावर चढून गेला.

आमच्याकडं एखाद्या घरचं पाणी चालत नाही म्हणजे काय, ते सांगायला नको. दिवे लागायच्या आत साळूबाईनं गावभर केलं, "लंकाबाईचं पानी बंबवाल्याला चाललं न्हाई म्हनं." माझ्या हातचं पाणी आमदारानं प्यालेलं आहे, आणि हा बंबवाला!

दुसऱ्या दिवशी मी भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, कांदे टाकले, दुरडी फडक्यात बांधली आणि बन्सीला घेऊन नगर गाठलं. बंब उभा करतात त्याच्या शेजारी एक पत्र्याची खोली. वर पाटी, बन्सीनं वाचून दाखवली: अग्निशामक कामगारांची युनियन. आत कानिफनाथ बसला होता, भुवयांना खोबरेल लावून.

"या आक्का. बैल कसे हायेत?"

"बैल मजेत. तुमचा त्यो तोंडाळ कुठं हाय?"

"शेक्रेटरी? पानी घेऊन गेलाय."

"कुठली आग?"

"आग न्हाई. आज तुमच्या शेजारच्या गावाचा वार. तुमच्या गावाचा सोमवार."

मी दुरडी खाली ठेवली. दर सोमवारी एक जुना, रंग उडालेला बंब येऊन आमचा हौद भरून जायचा. मी म्हणत होते, सरकार धाडतं. कानिफनाथ म्हणाला, बंब पालिकेनं मोडीत काढलेला. युनियननं मागून घेतला, आपल्या हातानं दुरुस्त केला. डिझेल वर्गणीतून. ज्याची सुट्टी त्यानं चालवायचा.

म्हणजे माझ्या रांजणातलं पाणी यांचंच. त्यांचाच तांब्या त्यांनाच दाखवून मी मिरवत होते!

"आन मग न्हाई चालत म्हनाला त्यो?"

"युनियनचा ठराव हाय, आक्का. जिथं बंब घेऊन गेलो तिथल्या घरचं काय घ्यायचं न्हाई. चहा न्हाई, पानी न्हाई. घर जळालेली बाई उरलासुरला गूळ आमच्या हातावर ठेवती, आक्का. त्यो गिळायचा कसा? रंगनाथनंच मांडला ठराव. समद्यांनी हात वर केले."

"मग तोंडानं सांगायला काय झालं व्हतं त्याला?"

"त्याला जमत न्हाई. घरी बायकूला बी न्हाई सांगत."

तेवढ्यात रंगनाथ आला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. दुरडी पाहिली आणि म्हणाला, "भाकरी परत न्या, आजी."

"आजी तुझी असंल घरी! भुकेला न्हाईस का तू?"

"हाय."

"मग?"

"ठराव हाय."

"ठराव चुरून खातोस का रं दुधात?"

कानिफनाथ भिंतीकडं तोंड करून हसायला लागला. रंगनाथ नाही हसला. पण दुरडी त्यानं स्वतः उचलली, बन्सीच्या सायकलीला नीट बांधली, गाठ ओढून पाहिली आणि हळूच म्हणाला, "बैल राखा. पाऊस येनार हाय."

घरी आले तर जिवाला चैन पडेना. शिवी दिलेली परत करता येते. चांगलं केलेलं कुठं परत करायचं? सोमवारी हौदावर पाणी आलं की मी पुष्पावतीला सांगायची, पदर नीट घे, माणसं आली आहेत. बंब वळेपर्यंत आम्ही दोघी उभ्या राहायचो. साळूबाई विचारायची, "काय गं, बंबाला ववाळनार का काय?"

तिचं बोलणं कधी कामाला आलं असेल तर ते तेव्हा.

पाऊस आला. विहिरीला पाणी चढलं. मण्या-चंद्यानं माझं सगळं रान पेरून दिलं, साळूबाईचं सुद्धा, कारण तिच्याकडं बैल उरले नव्हते. दसऱ्याला पहाटे मी पुरण घातलं. बैलगाडी जुंपली, साळूबाईला मुद्दाम शेजारी बसवली आणि नगरला निघाले.

बंबांची पूजा मांडली होती. झेंडूच्या माळा, आकड्यांना हळदकुंकू, आणि तो सोमवारचा जुना बंब सगळ्यांच्या पुढं. पेठेतली माणसं जमली होती. मी थेट जुन्या बंबापुढं गेले, पाट मांडला, पुरणपोळीचं ताट ठेवलं, वर तुपाची धार सोडली आणि ताटाभोवती पाणी फिरवलं.

रंगनाथ पुढं आला. "आजी, ठराव—"

"तुला कोन देतंय? ह्यो बंबाचा नैवेद्य हाय. माझे बैल त्याच्या पान्यावर जगले, माझा रांजण त्यानं भरला. आता त्याला खायाला येत न्हाई, त्याला मी काय करू? परसाद कुनीतरी घ्यायलाच पायजे."

रंगनाथनं कानिफनाथकडं पाहिलं. म्हातारा म्हणाला, "ठरावात परसादाचं काय न्हाई, शेक्रेटरी. मी बी हात वर केला व्हता, मला म्हाईत हाय."

माणसं हसली. मी पोळीचा तुकडा मोडून रंगनाथच्या हातावर ठेवला, आणि तांब्या पुढं धरला. "ह्ये पानी माझ्या विहिरीचं. तुमच्या बंबातलं न्हाई."

त्यानं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. वर तोंड करून, न थांबता, रिकामा होईपर्यंत प्याला. साळूबाईनं पाहिलं याची मी खात्री करून घेतली. घरच्या घटातले पिवळे कोंब मी आणले होते, ते त्याच्या टोपीत खोवले. तो वाकला तेव्हा डोळे भरलेले दिसले.

त्यानं मला अख्ख्या गावापुढं नाकारलं होतं, म्हणून मीही अख्ख्या पेठेला ऐकू जाईल असं म्हणाले:

"रंगनाथ, तोंडाचा तू लई वाईट हायेस, आन त्ये काय आता सुधरनार न्हाई. पर माझी दावन भरलेली हाय ती तुज्यामुळं, आन आमच्या गावात त्या उन्हाळ्यात एक बी लेकरू तहानेलं निजलं न्हाई ते तुमा समद्यांमुळं. तुज्या आईला सांग, लंकाबाई म्हनली, पोरगं चांगलं वाढवलंस. आता हास जरा, आन दुसरी पोळी घे!"