होडीवरचा ‘हॅल्सियन’

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे. इंग्रजीतलं विशेषण, ‘हॅल्सियन’. अर्थ शांत, सुखाचा. मला फार कुणी बोलावत नाही.

माझं मूळ ग्रीक. खंड्या पक्ष्याचं हे नाव. दंतकथा अशी, की एकीचा नवरा समुद्रात बुडाला. तिनेही पाण्यात उडी घेतली. देवांनी दोघांना खंड्या केलं, आणि ती अंड्यांवर बसते तेवढेच हिवाळ्यातले थोडे दिवस वारा थांबू लागला. बाकी वर्षभर तो मोकाटच!

एका होडीवाल्याच्या शिक्षिका बहिणीने मला त्याच्या नव्या होडीसाठी निवडलं.

“वन्सं, एवढं अवघड नाव? मासे घाबरून पळतील!” त्याची बायको हसली.

“अगं, अर्थ शांत असा आहे.”

शिक्षिका बाई एवढंच सांगून थांबल्या. शुभ कामात बुडण्याचं कशाला बोलायचं, असं त्यांना वाटलं. अर्धी गोष्ट पोटातच राहिली.

होडीवाल्याने मला पुढच्या फळीवर निळ्या रंगाने लिहिलं. दर हंगामाआधी तो जीभ बाहेर काढून मला पुन्हा गिरवी. लोक म्हणत, “काय झोकदार नाव आहे!” मी फुगून जायचो. पुढे कामं वाढली, रंग उडाला, तरी माझ्यावरचा त्याचा विश्वास तसाच राहिला.

एके सकाळी रेडिओवर वादळाचा इशारा आला. बायको म्हणाली, “आज नका जाऊ हो.”

त्याने माझ्यावर थाप मारली. “आपलं नावच शांत आहे. कशाला जिवाला घोर लावून घेतेस?”

अरे बाबा, थांब! मला किती ओरडावंसं वाटलं! पण शब्दाला कुठे तोंड असतं? दुसऱ्याने उच्चारलं तरच आम्ही बोलणार. आणि वाऱ्याला कुठे वाचता येतं?

फळी किनाऱ्याला लागली. तो आला नाही.

तेव्हा बाईंनी रडत उरलेली गोष्ट सांगितली. वहिनी एवढंच म्हणाली, “हे तेव्हाच सांगायचं होतं, वन्सं.” बाईंना मान वर करवेना.

वहिनीने मला जाळलं नाही. कुंपणाला ठोकलं. मुलं अर्थ विचारतात, तेव्हा ती बुडालेल्या नवऱ्यापासून सुरुवात करते. आणि शेवटपर्यंत सांगूनच थांबते.

मित्रांनो, मी शांत आहे, समुद्र नाही. कुणी मला त्याच्या शांततेची हमी म्हणून देऊ लागलं, तर माझी पूर्ण गोष्ट विचारा. आणि घरचं माणूस “आज नका जाऊ” म्हणालं, तर माझ्याकडे बघूसुद्धा नका. घरीच थांबा.