वगळलेलं प्रकरण

“सहावं प्रकरण काढून टाका, मॅडम.”

डॉ. कृष्णकांत बक्षींनी प्रबंधाची प्रत टेबलावरून चारुशीलाकडे सरकवली आणि चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरातल्या आजारी माणसाला औषध घ्यायला सांगावं, तसा तो मऊ होता.

“सर, बाकीची पाच प्रकरणं कोणीही लिहिली असती,” चारुशीला म्हणाली. “मला जे सापडलं ते यातच आहे.”

“मान्य आहे. पण कंपनीचं पत्र आलं आहे. तक्रारींचा डेटा आपल्याला पंप किती टिकतो, एवढंच काढायला दिला होता. कोणाला शॉक बसला का, हा आपला विषय नाही. हे प्रकरण राहिलं तर ते परवानगी मागे घेतील. मग उरलेली पाचही गेली.”

चारुशीला घाटोळे हिंगणा रोडवरच्या एका खाजगी इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होती. वय चव्वेचाळीस. पीएचडी नाही म्हणून दर वर्षी जूनमध्ये तिची नेमणूक नव्याने व्हायची आणि दर वर्षी मे महिन्यात ती त्या पत्रासाठी ऑफिसात खेटे घालायची. प्रबंधासाठी मिळालेली शेवटची मुदतवाढ या महिन्यात संपत होती.

तिचा विषय होता कूलरचे पंप. नागपुरात उन्हाळ्यात घरोघरी जे वाजत असतं, त्याच्या पोटातलं ते लहानसं यंत्र. पंपाच्या कंपनीकडे पाच वर्षांच्या तक्रारी संगणकात साठलेल्या होत्या. तक्रार घेणारी मुलगी फोनवर ऐकायची आणि चारांतला एक पर्याय निवडायची: पंप बंद, आवाज येतो, पाणी कमी, इतर. शेजारच्या रकान्यात ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे लिहायची. कंपनीने ते शब्द कधी वाचले नव्हते. चारुशीलाने ते वाचणारा प्रोग्रॅम लिहिला. ‘इतर’मध्ये टाकलेल्या तक्रारी चाळताना तेच तेच शब्द वर येऊ लागले. करंट. झटका. झिनझिन. एका बाईने सांगितलं होतं, ‘पाणी टाकलं का टाकी धरून ठेवते.’ प्रोग्रॅम बाजूला ठेवून चारुशीलाने मग त्या सगळ्या तक्रारी स्वतः वाचल्या. बहुतेक पंप कंपनीने आतलं रबरी सील बदलल्यानंतरचे होते. नवं सील स्वस्त होतं. पहिल्या उन्हाळ्यात ते टिकायचं, दुसऱ्या उन्हाळ्यात कडक होऊन तडकायचं आणि पाणी आत शिरायचं.

“तुम्ही डॉक्टर व्हा आधी,” बक्षी सर म्हणाले. “नंतर लिहा काय लिहायचं ते. मी पुढच्या वर्षी रिटायर होतो आहे, मॅडम. तुम्हाला दुसरा गाइड मिळणार नाही.”

नंतर काहीच लिहिता येणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. डेटा कंपनीचा होता, तसा कागद तिने सही करून दिला होता.

संध्याकाळी ती थेट दुकानात गेली. पारडी नाक्यावर तिच्या नवऱ्याचं, स्वानंदचं, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. तो याच कंपनीचा डीलर होता. त्याच्या ओळखीनेच तिला तो डेटा मिळाला होता, आणि त्या वेळी ती किती आनंदली होती! मागच्या बाजूला पंपांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. येत्या उन्हाळ्याचा माल त्याने आतापासूनच भरून ठेवला होता.

तिने सगळं सांगितलं. स्वानंद मोटारीची तार गुंडाळत ऐकत होता.

“लोकायच्या घरी अर्थिंग नाही राहत,” तो म्हणाला. “दोन पिनांचा प्लग, तोही ढिल्ला. त्यात पंपाचा काय कसूर?”

“अर्थिंग नाही हे खरंच आहे. म्हणूनच सील मजबूत पाहिजे ना. पंपात पाणी गेलं तर माणूसच अर्थिंग होतो.”

“मग काय करू मी? सांग मले. हा माल नाल्यात फेकू? दुकान बंद करू?” त्याने तार खाली ठेवली. “वेदिकाची फी कुठून भरतो आपण? आईच्या गोळ्या कुठून येतात? अन् मी नाही विकला तर समोरचा विकते.”

तिने छतापर्यंतच्या खोक्यांकडे पाहिलं.

“काढून टाक ते प्रकरण,” तो हळू आवाजात म्हणाला. “तुले वाटून राहिलं का मले काहीच नाही वाटत? पण काढून टाक.”

तिने ते काढलं. वाटलं त्यापेक्षा कमी वेळ लागला. पानांचे क्रमांक आपोआप बदलले, अनुक्रमणिका आपोआप जुळली. काही नव्हतंच कधी, असं.

चार महिन्यांनी, तोंडी परीक्षेच्या दिवशी, विद्यापीठाचा हॉल निम्मा भरला होता. पहिल्या रांगेत कंपनीचे गुणवत्ता विभागाचे प्रमुख, मधुकरराव, पांढऱ्या सफारीत बसले होते. सासूबाई, यमुताई, नवं लुगडं नेसून नातीच्या, वेदिकाच्या, शेजारी बसल्या होत्या. पडद्यावरच्या आलेखांकडे त्या कौतुकाने पाहत होत्या. चारुशीलाने पंपाचं आयुष्य, बिघाडाचा वेग, पुढच्या बिघाडाचं भाकीत, सगळं न अडखळता मांडलं.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते. त्यांनी एक तक्ता पुन्हा पडद्यावर मागवला.

“या ‘इतर’मध्ये काय आहे? दुसऱ्या वर्षी हे एकदम वाढताना दिसतंय.”

हॉलमध्ये पंख्यांचा आवाज होता. बक्षी सर समोरच्या कागदावर काहीतरी रेघा ओढत होते. मधुकरराव मान वळवून खिडकीकडे पाहू लागले.

“किरकोळ तक्रारी आहेत, सर,” चारुशीला म्हणाली.

परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला. तासाभराने ती डॉक्टर झाली. मधुकररावांनी स्वतः पुष्पगुच्छ दिला. यमुताईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. गाडीत बसल्यावर स्वानंदने पुष्पगुच्छ तिच्या हातातून घेतला आणि मागच्या सीटवर ठेवला.

कॉलेजला सुट्ट्या लागल्या तशी चारुशीला दुपारी दुकानात बसू लागली. गिऱ्हाईक इतकं होतं की एकट्या स्वानंदला जेवायला उसंत मिळत नव्हती. मेच्या अशाच एका दुपारी एक पन्नाशीची बाई पिशवीत ओला पंप घेऊन आली. कळमन्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडायचं काम करत होती. तिच्या बोटांची कातडी लालसर, सोललेली होती. नाव वच्छला.

“भाऊ, याच्यात करंट उतरून राहिला. टाकीले हात लावला का झिनझिन होते. काल माह्या नातीले झटका बसला.”

“कधी नेला होता?” स्वानंदने विचारलं.

“मागच्या वर्षी. आमच्या गल्लीतल्या पाच-सहा जणीईनं संगंच नेले होते.”

स्वानंदने पंप पुसला, तारेला नवी टेप मारली आणि परत दिला. चारुशीलाकडे न पाहता तो म्हणाला, “काही नाही होत. पिन उलटी करून लावा. करंट कमी होते.”

“उलटी करून?”

“हाव. फिरवून लावायची.”

वच्छलाने समाधानाने पंप पिशवीत ठेवला. चारुशीला काउंटरमागे उभी होती. तिच्या आणि त्या बाईच्या मध्ये फक्त एक काच होती, खाली बल्ब मांडलेले.

“बाई, राहता कुठे तुम्ही?” तिने विचारलं.

“पारडीतच. मारुतीच्या देवळाच्या मांगं. कोनालेबी इचारा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चारुशीलाने सीताबर्डीत जाऊन दुसऱ्या कंपनीचा पंप विकत घेतला. स्वानंदला सांगितलं नाही. देवळामागची गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंनी पत्र्याचे कूलर खिडक्यांतून बाहेर आले होते आणि अंग चोरूनच चालावं लागत होतं. सगळे कूलर चालू होते. गल्लीभर कूलरच्या जाळ्यांतल्या ओल्या गवताचा वास होता.

“दुकानातल्या बाई ना तुम्ही?” वच्छला आश्चर्याने म्हणाली. “या, या. बसा.”

आत खाटेवर तिची नात, अबोली, झोपली होती. एक पाय खाटेबाहेर लोंबत होता, कूलरच्या पत्र्यापासून वीतभर अंतरावर. चारुशीलाने आधी तो पाय उचलून आत घेतला. मग प्लग उपसला, ओढणी खोचली आणि टाकीत हात घालून जुना पंप सोडवला. नवा बसवला. प्लग लावून टेस्टरने दोनदा पाहिलं, मग प्लग पुन्हा काढून हात पुसले.

“पैसे?” वच्छला दारातच उभी होती.

“नको.”

“मंग जुना राहू द्या. शोभाताईले देतो, तिचा पानी कमी फेकते.”

“नाही. हा मी घेऊन जाते.”

“काहून? चालू तं हाय थो.”

चारुशीलाने पंप पिशवीत घातला होता. पिशवीतून पाणी तिच्या पायावर गळत होतं.

“त्याच्यात पाणी शिरतं. माणूस मरू शकतो त्याने.”

वच्छला तिच्याकडे पाहत राहिली. “पन तुमचे मालक तं म्हनत होते, पिन उलटी लावा.”

“त्याने काही होत नाही.”

“सारेच पंप असे हायेत का?”

“मागच्या काही वर्षांतले बहुतेक.”

“तुमाले मालूम होतं?”

“हो.”

“कवापासून?”

चारुशीला पिशवीचं तोंड बांधू लागली. वच्छलाने पुन्हा विचारलं नाही. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. ती काहीतरी मनात जुळवत होती.

“बाकीच्यायले सांगतलं का?”

“नाही.”

वच्छला वळली आणि बाहेर गेली. उन्हात, अनवाणीच, गल्लीच्या मधोमध उभी राहिली.

“वं शोभाताई! कूलरची पिन काढ वं पयले! टाकीले हात नको लावू, पिन काढ! वं रितिकाची माय! तूबी!”

“काहून वं? लेकरू झोपलं हाय!” कोणीतरी आतून ओरडलं.

“म्हनतो ना मी, काढ! मंग सांगतो!”

एक कूलर बंद झाला. मग त्याच्या समोरचा. मग पलीकडचा. आवाजावर आवाज रचलेला होता तो एकेक थर उतरत गेला, आणि गल्ली इतकी शांत झाली की दूर रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न घरात ऐकू आला. तेवढ्यात चारुशीलाचा फोन वाजला. स्वानंदचा होता. तिने तो वाजू दिला.

बाया एकेक करून वच्छलाच्या दाराशी आल्या. कोणाच्या हाताला पीठ होतं, कोणाच्या कडेवर मूल. दार भरून गेलं. बाहेर जायला आता वाट नव्हती. सगळ्याजणी खोलीतल्या त्या अनोळखी बाईकडे पाहत होत्या.

“मले जे सांगतलं,” वच्छला बायांतून वाट काढत आत येऊन म्हणाली, “थेच यायले सांगा.”

चारुशीलाने पिशवी खाली ठेवली. वीस वर्षं ती फळ्यासमोर उभी राहून बोलत आली होती.

“मी चारुशीला घाटोळे,” ती म्हणाली. “नाक्यावरचं दुकान आमचं आहे.”

वच्छलानेही कूलर चालू केला नव्हता. खोली तापू लागली. अबोली घामाने जागी होऊन रडायला लागली, तशी वच्छलाने तिला मांडीवर घेतलं, पदराने वारा घालू लागली आणि नजर न हटवता चारुशीलाला मानेनेच खूण केली, बोला.