मेलेलं औषध

"हेच का तुमचं जिवंत औषध?" पोखरलेलं कपाशीचं बोंड वहिनीनं प्रयोगशाळेतल्या बाईंच्या नाकासमोर धरलं. "दाखवा बघू, कुठायत तुमचे जिवाणू? मला तर नुसती अळी दिसतेय. माझ्या जिवावर चांगली गुबगुबीत झालीय!"

बांधावर जमलेली माणसं हसली. बाई मात्र खाली बसून कपाशीची पानं उलटून बघत राहिल्या. जिवाणूंत फेरफार करून त्यांच्या प्रयोगशाळेनं हे औषध बनवलं होतं. पानाबरोबर अळीच्या पोटात गेलं, की तिचं खाणंच बंद व्हायचं. बांधापलीकडच्या शेतात ते लागूही पडलं होतं. ते शेत वहिनीच्या धाकट्या दिराचं.

दीर सगळ्यांच्या मागे उभा होता. गाव त्याला लख्ख म्हणायचं, कारण खुरपंसुद्धा धुऊन, पुसून खुंटीला लावणारा गावात तो एकटाच. थोरला भाऊ वारल्यापासून वहिनीची फवारणी तोच करायचा, आणि तिच्या शेतात त्यानं कधी हात राखून काम केलं नव्हतं. आज मात्र त्याला तोंड लपवायला जागा सापडत नव्हती.

फवारणीच्या दिवशी संध्याकाळी त्यानं आधी आपलं शेत फवारलं. मग वहिनीचं औषध कालवायला ड्रम रिकामा केला, तर तळाशी हिरवा, बुळबुळीत थर. असल्या घाणीत वहिनीचं औषध? छे! त्यानं मूठभर ब्लीचिंग पावडर टाकून ड्रम खसाखसा घासला. दिवस मावळत आला होता, म्हणून एकदाच विसळला. वास राहिला होता, पण तो त्याला स्वच्छतेचाच वाटला.

दुसऱ्या दिवशी त्यानं औषधाबरोबर आलेला कागद वाचला. ब्लीचिंगचा अंश लागला तरी जिवाणू मरतात, असं त्यात ठळक छापलेलं. म्हणजे वहिनीच्या कपाशीवर त्यानं नुसतं पाणी मारलं होतं. त्यानं तो कागद चुलीत घातला. उद्या सांगू, उद्या सांगू करता करता आठ दिवस गेले. वहिनी रोज विचारायची, "लागू पडेल ना हो, भाऊजी?" आणि हा पठ्ठ्या म्हणायचा, "दम धरा. वेळ लागतो त्याला."

"औषध कशात कालवलं होतं?" बाईंनी विचारलं.

"ड्रमबद्दल तर बोलायचंच नाही!" वहिनी उसळली. "आमचे भाऊजी जेवायच्या ताटासारखा ड्रम घासतात. त्यांच्यावर बोट ठेवाल तर याद राखा."

"या औषधवालीला पुन्हा गावात पाऊल ठेवू देऊ नका," मागून कुणीतरी ओरडलं.

बाईंचा चेहरा उतरला. "औषधच खराब निघालं असेल तर मी तसं लिहून देते," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी पिशवीतून वही काढली.

लख्ख माणसांतून वाट काढत पुढे आला.

"थांबा! बाईंचं काही चुकलं नाही. मी ब्लीचिंगनं ड्रम धुतला. औषध ड्रममध्येच मेलं."

"कुणाला वाचवायला काहीही काय सांगताय, भाऊजी?" वहिनी हसली. पण त्याची मान वर होईना, तेव्हा तिचं हसू विरलं. ती बाईंकडे वळली. "आता पुन्हा फवारलं तर?"

"आता अळ्या बोंडात शिरल्यात. आत काही पोचणार नाही. पहिल्या दोन-चार दिवसांत फवारलं असतं, तर पीक वाचलं असतं."

"तुम्हाला कधी कळलं?" वहिनीनं त्याला विचारलं.

"दुसऱ्याच दिवशी."

कुणी हसलं नाही. माणसं एकेक करून बांधावरून निघाली.

"ड्रम घासलात तो माझ्यासाठी," वहिनी म्हणाली. "त्याचा मला राग नाही. पण रोज माझ्या दारात येऊन दम धरा म्हणत होतात, ते कुणासाठी?"

 

तिनं गोणी उचलली आणि ती किडकी बोंडं तोडायला लागली. त्यानंही गोणी घेतली आणि तो शेजारच्या ओळीत वाकला. तिनं त्याला हाकललं नाही. दिवस मावळेपर्यंत दोघं बोंडं तोडत राहिली, आणि तेवढ्या वेळात तिनं त्याला एकदाही भाऊजी म्हणून हाक मारली नाही.