खंडेनवमीला उठवलेला पाना

मी रामधन. आर्णीपासून दीड कोसावर आमचा तांडा आहे आणि त्या तांड्यात माझं बोलणं लोक चहासारखं गाळून घेतात. त्यांची चूक नाही. बाभुळगावच्या बाजारात विकलेला बैल माझ्याआधी घरी पोचला होता आणि माझ्या बायकोनं, रामीबाईनं, त्याला पाहुणा समजून पाणी विचारलं होतं, हे मीच त्यांना सांगितलंय. पण आज सांगतो ते खरं आहे. त्यातलं जे खोटं आहे ते जागच्या जागी कबूल करीन.

यंदा माझ्या सुनेनं, उज्ज्वलानं, अर्ध्या एकरातला कापूस काढून तिथं झेंडू लावला. माझा पोरगा बादल वणीला कोळशाच्या ट्रकावर असतो. तो म्हणाला, "हे एक साल कर. फुलं वेळेवर बाजारात गेली तर तो तुकडा तुहा. नाही गेली तर पुढच्या साली गुमान कापूस." झेंडू असा फुलला, की संध्याकाळ झाली तरी आमच्या कोंबड्या घरात येईनात. त्यांना वाटे, अजून ऊन आहे. हे खोटं आहे. पण फुलं खरंच तशी होती.

झेंडूचा बाजार एका दिवसाचा. नवमीला दुपारी बारापर्यंत यवतमाळला माल उतरला पाहिजे, कारण त्यानंतर हारवाल्या बाया हार गुंफायला बसतात आणि नवा माल घेत नाहीत. दसरा उलटला की तीच फुलं रस्त्यावर पडतात. म्हणून उज्ज्वलानं आदल्या दिवशी फुलं तोडली, नवमीला पहाटे आमच्या पिकअपमध्ये कॅरेट रचले, वर ओलं गोणपाट टाकलं आणि सात वाजता निघाली.

सव्वासातला परत आली. तांड्याबाहेरच्या चढावर गाडीनं अंग टाकलं होतं. उचकी लागलेल्या माणसासारखी धडधडत ती कशीबशी अंगणात येऊन उभी राहिली.

"गाडी मिसिंग मारून राह्यली, मामाजी," उज्ज्वला उतरत म्हणाली.

अंगणात बाजेवर माझे व्याही बळीराम बसले होते. हे उज्ज्वलाचे वडील. दसऱ्याला लेकीकडे आले होते. कोळशाच्या ट्रकावर एकतीस वर्षं काढलेला माणूस, खोकला तरी हॉर्न वाजल्यासारखा वाटतो. चहाची बशी न ठेवताच ते बोलले, "डिझेलात हवा घेतली असन. नोझल खोल."

"बाबा, ही पेट्रोलची गाडी हाय. हिले नोझल-बिझल तसं नसते. हिले प्लग असतात."

"मंग गाडी कायले म्हणता? शिलाई मशीन म्हणा."

उज्ज्वलानं ड्रायव्हरचं सीट उचललं. आमच्या गाडीचं इंजिन सीटखालीच आहे. वर ठिणगी पुरवणाऱ्या चार कॉइल रांगेनं, आणि प्रत्येकीखाली एक प्लग. तिनं गाडी चालू ठेवली आणि एकेका कॉइलची वायर काढून परत लावत गेली. पहिली काढली, गाडी अजून लंगडली. दुसरी काढली, तसंच. तिसरी काढली, तर गाडीला काही फरकच नाही. चौथीला पुन्हा लंगडली.

"तिसरा मेला," ती म्हणाली आणि गाडी बंद केली. "प्लग बदलावा लागते. चारही बदलून टाकतो."

नवे चार प्लग तिच्याजवळ होते. मागच्या सर्व्हिसिंगला आर्णीच्या मिस्तरीनं सांगितलं होतं, तेव्हाच घेऊन ठेवले होते. त्या मिस्तरीला तिनं फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आज खंडेनवमी. माहे सगळे पाने पूजेत बसले. उद्या सोनं लुटल्यावर ये."

तेव्हा आम्हा सगळ्यांच्या नजरा एकदम घराच्या दाराकडे गेल्या. आतल्या खोलीत देवीपुढे पाट मांडलेला होता. त्यावर विळे, कुऱ्हाड, वखराची पास, आणि त्यांच्या शेजारी गाडीच्या पेटीतले सगळे पाने. रामीबाईनं पहाटे अंघोळ करून एकेकाला धुतलं होतं, हळदकुंकू लावलं होतं. लांब नळीच्या प्लग पान्याला तर झेंडूची माळ घातली होती. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याच्या पूजेशिवाय उठत नाही. तांड्यात घरोघरी हेच. बाकीच्या दोन्ही पिकअप पहाटेच भरून गेल्या होत्या आणि ट्रॅक्टरवाल्या फकिरानं ट्रॅक्टरची चावीसुद्धा देवापुढे ठेवली होती.

"मी करतो ना," उज्ज्वला म्हणाली. "मिस्तरी करते तेव्हा दर वेळी बाजूले उभी राहून पाह्यलं. फक्त पाना पाहिजे."

"पान्याले हात लावायचा नाही," बळीराम उठून उभे राहिले. "माह्यासोबत एक डायवर होता. खंडेनवमीले त्यानं जॅक उचलला, चाक बदललं. तिसऱ्या दिवशी गाडी नाल्यात. पाय गेला त्याचा. अन् आज गाडी तू चालवणार. फुलं सडली तर सडू दे. माही पोरगी मोठी का फुलं मोठी?"

माणूस भीतीनं बोलत होता आणि भीती लेकीसाठी होती. उज्ज्वला गोणपाटावर पाणी मारायला गेली. तिचा चेहरा मी पाहिला. अर्धा एकर जमीन त्या चेहऱ्यावर उन्हात पडली होती.

पाणी मारून आली आणि म्हणाली, "तसंही इंजिन गरम हाय. गरम इंजिनाचा प्लग काढला तर आटे खराब होतात. अर्धा तास थांबावंच लागते."

अर्धा तास. मला तेवढा पुष्कळ होता.

"इवाई," मी बिडी बाजूला ठेवत व्याह्यांना म्हणालो, "आमच्या कुळाले खंडेनवमीची सूट हाय. तुमाले कोणी सांगितलं नाही काय?"

"कायची सूट?"

"आमचा पणजा हजार बैलांची लदेणी घेऊन मिठाची वाहतूक करे. एका नवमीले अरुणावतीच्या पात्रात होता. ऐन मधोमध पुढच्या बैलाची गोणी फाटली. मीठ सांडून राह्यलं. गोणी शिवायची सुई होती हातभर लांब, पण ती सकाळीच पूजेत बसवलेली. पणजा म्हणे, हात लावणार नाही. मीठ गेलं तर जाऊ दे. दोन घटका मीठ वाहत राह्यलं. नदी खारी झाली. मासे तोंड वाकडं करून काठावर आले."

"मासे," बळीराम म्हणाले.

"मासे. मंग काय झालं, काठावर जे पूजेचं पान मांडलं होतं, त्यावरची सुई आपोआप उभी राह्यली. दोऱ्यासकट. पाण्यावरून सरसर गेली आन् गोणी शिवून परत पानावर येऊन निजली. तवापासून आमच्यात नेम हाय. ओझं पाठीवर असलं तर हत्यार उठवायचं, काम करायचं, पुन्हा पूजा करून बसवायचं. देवीच तसं म्हणली."

मी छाती काढून बसलो. गोष्ट बरी झाली होती. बळीरामांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

"इवाई, मागच्या दिवाळीले हीच सुई तुमच्या आज्याची होती. नदी वर्धा होती. अन् गोणीत मीठ नाही, गहू होते."

आता गव्हानं नदी खारी कशी होणार? मी खोकलो. पाणी मागितलं. गेली पन्नास वर्षं मी गोष्टी सांगतोय आणि कधी अडलो नाही, पण त्या दिवशी अडलो, कारण त्या दिवशी गोष्टीला काम होतं.

आमची रामीबाई चुलीपाशी बसून आंबाडीची भाजी निवडत होती. हिच्याबद्दल एक सांगायला हवं. ही खोटं बोलत नाही. सोयरीक जुळवायला बळीराम आमच्या घरी आले, तेव्हा हिनं त्यांच्या तोंडावर सांगितलं होतं, "पोरगा चांगला हाय, पण घोरते. नवरा खोटं बोलते. घर गळते. आता पाहा." त्या बोलण्यावरच बळीरामांनी मुलगी दिली. तेव्हापासून विहिणीचा शब्द म्हणजे त्यांना सरकारी शिक्का.

रामीबाई मान वर न करता म्हणाली, "वर्धा नाही, अरुणावतीच. मीठच होतं. माह्या नवऱ्याले नीट सांगता येत नाही."

बळीराम तिच्याकडे वळले.

"तुमाले माहीत हाय, विहीणबाई?"

"माह्या सासूनं मले तो दगड दाखवला होता. जिथं मीठ सांडलं तिथला. गाई पाण्याले गेल्या का आधी तो दगड चाटतात. मंग पाणी पितात." तिनं भाजीचा एक पिकलेला देठ बाजूला टाकला. "आमच्यात उठवतात हत्यार. मी उठवून देतो. उज्ज्वला, हात धुऊन ये."

बळीराम हळूच बाजेवर बसले. "तुमी म्हणता तर ठीक हाय," ते म्हणाले.

रामीबाईनं देवीपुढे दिवा सारखा केला, पान्यांवर अक्षता टाकल्या, हात जोडून काहीतरी पुटपुटली आणि आधी दहाचा पाना, मग माळेसकट प्लग पाना उचलून सुनेच्या हातात दिला. माळ काढली नाही. ती उज्ज्वलानंच काढून स्टिअरिंगला गुंडाळली.

पुढचं काम मी हातातल्या बॅटरीचा उजेड धरून पाहिलं. बॅटरी चुकीच्या जागी धरत होतो, असं मला तीनदा सांगण्यात आलं. उज्ज्वलानं आधी सायकलच्या पंपानं प्लगांभोवतीची धूळ उडवली. खडा आत पडला तर इंजिन खाईल, म्हणाली. मग दहाच्या पान्यानं कॉइलचा बोल्ट काढला, कॉइल वर ओढली, पाना आत सोडला. एका वेळी एकच प्लग. पहिला निघाला तो विटकरी. दुसरा तसाच. तिसरा निघाला तो काळाकुट्ट, आणि त्याच्या पांढऱ्या चिनी मातीला वरून खालपर्यंत केसाएवढा तडा.

"हा पाहा," ती म्हणाली. बळीराम उठून आले, प्लग हातात घेतला, डोळ्याजवळ नेला. डिझेलच्या एकतीस वर्षांत त्यांनी प्लग पाहिला नसेल.

नवा बसवताना तिनं पाना घेतलाच नाही. ठिबकच्या काळ्या नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवला आणि तो चिमटीनं फिरवत प्लग आत नेला.

"हे काय नवीन?" बळीराम म्हणाले.

"वाकडा लागला तर नळी घसरते, बाबा. पान्यानं लावला तर वाकडाच आवळला जाते आन् आटे जातात."

हे मिस्तरीनं तिला शिकवलं नव्हतं. मी नंतर विचारलं. मिस्तरीकडे पेट्रोलची नळी असते, ती तिनं पाहिली होती. ठिबकची तिनं स्वतः शोधली. मी मात्र तांड्यात, माझ्याकडूनच शिकली, असं सांगतो. प्लग कुठं असतो हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं, हेही इथं कबूल करतो.

चिमटीनं प्लग पार बसला, तेव्हा तिनं पाना लावला. बळीरामांनी बाही वर केली. "दे, मी आवळतो."

"बाबा, हा ट्रकाचा नट नाही. बसला का फक्त अर्धा फेरा."

बाही खाली आली. चारही प्लग झाले, कॉइल बसल्या, वायरी लागल्या. तिनं सीट खाली केलं, चढली, चावी फिरवली. गाडी अशी सुरू झाली, की मला वाटलं बंदच आहे. हे जरासंच खोटं आहे.

नऊला दहा मिनिटं कमी होती. बळीराम न विचारता पलीकडच्या दारानं चढले. उज्ज्वलानं पाहिलं तसे म्हणाले, "चालवणार तूच. मी फक्त बसतो." गाडी चढावर गेली आणि चढ संपेपर्यंत एकदाही उचकी लागली नाही. आम्ही दोघं आवाज ऐकू येईनासा होईस्तोवर उभे होतो.

मग मी रामीबाईकडे वळलो. "अव, तू खोटं बोलली."

"तुमची गोष्ट कच्ची होती," ती म्हणाली. "नदी खारी झाली म्हणता अन् गाई कुठं हायत? गाईंबिगर कोण मानते?" आणि पाने धुवायला गेली. ते पुसून, कुंकू लावून, तिनं पुन्हा पाटावर बसवले. तिथं जरा जास्त वेळ हात जोडून उभी राहिली. आत काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. मी दारात उभा राहून पाहत होतो आणि मला असं वाटत होतं, की सगळ्या तांड्याला हाक मारून सांगावं, ही माझी बायको आहे.

साडेअकराला फोन आला. "मामाजी, माल उतरला. सगळाच घेतला. हारवाली म्हणते, पुढच्या साली आधी सांगून ठेव." मागून बळीराम कोणाला तरी सांगताना ऐकू येत होते, "माही पोरगी हाय ते. आज सकाळी इंजिन खोललं तिनं. अर्धा फेरा आवळा लागते फक्त, जास्त नाही."

बादललाही मीच कळवलं. तो मग म्हणाला, "मंग तो तुकडा तिचाच." मी म्हणालो, "तुले कोण विचारून राह्यलं?"

मला घरात बसवेना. जुने चार प्लग फडक्यात बांधून खिशात घातले आणि तांड्यात निघालो. घरोघरी फडकं सोडायचं, तिसऱ्याचा तडा दाखवायचा, सून काय करते ते सांगायचं. पहिल्या चार घरी मी जसं घडलं तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. लोक माझ्याकडे बघतच राहिले, याला आज बरं नाही की काय म्हणून.

पाचव्या घरी प्लग सहा होते. तिथल्या तानाबाईनं फडक्यातले मोजले आणि म्हणाली, "इथं तर चारच हायत." मी सांगितलं, दोन यवतमाळला ठेवून घेतले, लोकांना बघायला.