एका होडीतल्या जावा

थोरल्या सुनेने चाळिशीत विद्यापीठात पर्यावरणशास्त्राला नाव घातलं, तेव्हा घरात तिचं भारी कौतुक झालं. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, "आमची थोरली आता मातीपाण्याची डॉक्टर होणार!" हे सुख आठवडाभरही टिकलं नाही. धाकटी जाऊ म्हणाली, "ताईंना सोबत होईल, मीही नाव घालते."

सोबत मागितली होती कुणी?

आणि धाकटीचं डोकं म्हणजे तल्लख. थोरली एकेक धडा घोकून घोकून घसा कोरडा करायची. धाकटी भाजी चिरता चिरता पानं उलटायची आणि वर्गात पहिला हात तिचाच वर. हळूहळू सासूबाईंच्या तोंडीही धाकटीच आली. थोरली वरवर हसायची, पण आतून नुसता तिळपापड व्हायचा.

त्या सत्रात तळ्याच्या गाळाचा अभ्यास होता. प्रत्येकाने तळाशी लांब नळी खुपसायची, आत भरलेला गाळ थरांसकट वर काढायचा, दोन्ही तोंडं बुचांनी बंद करायची आणि वरची बाजू कुठली ते बाण काढून दाखवायचं. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना. दोघी जावा एकाच होडीत होत्या. धाकटीने नळी आडवी ठेवली, तेवढ्यात होडी हेलकावून नळी गर्रकन फिरली आणि तिने काठावरून शिकवणाऱ्या मॅडमशी बोलता बोलता बाण काढला. उलटा!

थोरलीने पाहिलं. "अगं," म्हणून तिने तोंडही उघडलं. तेवढ्यात काठावरून मॅडम ओरडल्या, "हिच्याकडे बघून शिका जरा! किती झटपट हात चालतो!"

थोरलीने तोंड मिटलं.

नळ्या प्रयोगशाळेत गोठवल्या, मग त्यांच्या चकत्या कापून प्रत्येकजण तपासायला बसला. धाकटी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तासन् तास गाळातले काजळीचे कण आणि प्लॅस्टिकचे तंतू मोजायची. शेजारच्या टेबलावर थोरली आपलं काम करायची आणि मनात म्हणायची, मोज बाई, मोज. त्या रात्री लागली तितकी गाढ झोप तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

निष्कर्ष मांडायच्या दिवशी धाकटी फळ्यापाशी उभी राहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे तळं पूर्वी फार घाण होतं आणि आता स्वच्छ होत चाललं होतं.

"आणि प्लॅस्टिकचे तंतू सगळ्यांत खाली?" मॅडमनी विचारलं. "म्हणजे आपल्या पणजोबांनी टाकले वाटतं!"

वर्ग खदखदून हसला. धाकटीचे कान लाल झाले. थोरलीला वाटलं होतं, आता काळजात गारवा पसरेल. पण धाकटी आपल्याच आलेखाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाण चुकलाय माझा. नळी उलटी वाचली मी." मग तिने कागद तिथल्या तिथे फिरवून लावला आणि तळं कसं वर्षागणिक काळवंडत गेलं ते असं सांगितलं, की मागच्या बाकावरचे टिवल्याबावल्या करणारेही गप्प झाले. मॅडमनी टाळी वाजवली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तोच विषय. सासूबाई म्हणाल्या, "भर वर्गात चूक कबूल करायला काळीज लागतं हो!"

थोरलीच्या हातातला चमचा आदळला. "त्यात काय मोठंसं? बाण उलटा आहे हे मला होडीतच दिसलं होतं!"

बोलून गेली आणि जीभ चावली. तिचा नवरा जेवायचा थांबला.

"होडीतच?" धाकटीने हळू आवाजात विचारलं. "मग बोलला का नाहीत? तुमच्या शेजारीच बसून मी ते सगळं मोजत होते, ताई."

धाकटी ताट उचलून आत गेली.

नदीवरच्या अभ्यासाला धाकटीने मॅडमकडून दुसरी जोडीदार मागून घेतली. ती होती वर्गातली बडबडी. थोरलीच्या वाट्याला एक निवृत्त बँकवाले आले, ते झाडाखाली डबा खाऊन तिथेच घोरू लागले. पलीकडे धाकटी आणि बडबडी पाण्यात उभ्या राहून कशावर तरी पोट धरून हसत होत्या. थोरलीचा पुन्हा तिळपापड झाला. पण या वेळी तिला राग बडबडीचा आला. कोण कुठली ही, आणि आमच्या धाकटीच्या गळ्यात गळा घालते!

ती तडक उठून पाण्यापर्यंत गेली. "जरा इकडे ये गं."

धाकटी आली, तोंड फुगवूनच.

"मला तुझा हेवा वाटला, म्हणून बोलले नाही," थोरली म्हणाली. "वाईट वागले. हेवा अजूनही वाटतो, खोटं कशाला सांगू?"

"मग आजच कशाला सांगताय?"

"आजपासून तिचाही वाटायला लागलाय." थोरलीने बडबडीकडे मान उडवली.

धाकटीने ओठ घट्ट दाबले, पण हसू फुटलंच. लगेच ते आवरून ती म्हणाली, "माझा राग गेलेला नाही हं, ताई. आणि आज मी तिच्याबरोबरच काम करणार. पुढच्या वेळचं पुढच्या वेळी बघू."

"बघ," थोरली म्हणाली.

ती परतली. बँकवाले अजून घोरतच होते. तिने गमबूट चढवले, प्रवाहाचा वेग मोजायचं यंत्र उचललं आणि एकटीच पाण्यात उतरली.